सावरखिंडीचा पहिला घास

दिवाळी होऊन तीन आठवडे उलटले, तरी चिंधू आला नाही. तेव्हा अनंतानं दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या दाराशी जाऊन उभं राहायचं सोडून दिलं.

भिवंडीच्या कामतघरात केसरीनाथशेठचा चोवीस लूमचा कापडाचा कारखाना होता. अनंता तिथं धागे जोडायच्या कामावर होता. लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपला की नवा चढे, आणि संपलेल्या बीमच्या उरल्या धाग्यांना नव्याचे धागे एकेक करून जोडावे लागत. चिमटीत दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, पुढची धरायची. एका बीमला दोन-अडीच हजार टोकं. काम बसून करायचं, खाली मान घालून करायचं, आणि खडखडाट एवढा की कुणी बोलायला येत नाही. अनंताला यापेक्षा जास्त काही नकोच होतं. पस्तिशीतच त्याच्या पाठीला बाक आला होता. लूमवरचे कामगार त्याला ‘मास्टर’ म्हणत, कारण छापील कागद दिसला की तो वाचत बसे, मग तो भज्यांचा पुडा का असेना.

हा मास्टर सावरखिंड संस्थानच्या गादीचा वारस आहे, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात त्याच्या बायकोला, रंगूबाईला, ठाऊक होतं. पण तिनं त्याचा कधी बाऊ केला नाही.

संस्थान म्हणजे तरी काय, अकलोलीच्या पलीकडे डोंगरात सतरा पाडे. राजा स्वतः नांगर धरायचा. राजवाडा म्हणत ते कुडाचंच घर होतं, फक्त जोतं दगडी होतं. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली तेव्हा अनंता नऊ वर्षांचा होता आणि त्याचे वडील नुकतेच वारले होते. पाड्यांतली माणसं तीरकमठे घेऊन घराभोवती येऊन बसली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि उठवलं तरी ती उठेनात. मग कारभार ताब्यात घ्यायला आलेल्या साहेबानं अनंताच्या आईला समजावलं, की बाई, रक्त सांडायला नको, मुलाला घेऊन थोडे दिवस बाहेर राहा. साहेब भला होता. त्यानं बैलगाडी दिली आणि एक कागदही दिला. पुढील हुकूम होईपर्यंत वारसानं संस्थानच्या हद्दीत येऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. मायलेक भिवंडीला आली, कामतघरात एका खोलीत राहिली आणि पुढील हुकमाची वाट पाहू लागली. साहेबाची बदली झाली. काही वर्षांनी आई वारली. हुकूम आला नाही. असा काही हुकूम द्यायचा राहिलाय, हेच सगळे विसरले असतील. अनंतानं कधी चौकशी केली नाही. विचारायला जावं आणि ‘आपण कोण’ असं कुणी म्हणावं, ही धास्ती.

एकाहत्तर साली सरकारनं राजेपणच कायद्यानं काढून टाकलं. अनंतानं ती बातमी वाचून दाखवली तेव्हा रंगूबाई तांदूळ निवडत होती.

“म्हंजे आता मी राणी न्हाय?” ती म्हणाली. “बरं झालं. राणी होऊन रॉकेलच्या लायनीत उभं ऱ्हायची लाज वाटत होती.”

राज्य गेलं, गादी गेली, तरी एक गोष्ट मागे उरली होती. सावरखिंडीची रीत अशी, की नव्या तांदळाचा पहिला घास राजानं खाल्ल्याशिवाय डोंगरात कुणी नवं खायचं नाही. हे नवं पोचवायचं काम चिंधूच्या घराण्याकडं होतं. दर वर्षी दिवाळीच्या आठवड्यात तो तांदळाची पुरचुंडी कमरेला बांधून निघायचा. एस.टी.त पुरचुंडीला कुणाचा पाय लागेल म्हणून पायी. वाटेत अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर पाय शेकायचे, तिथंच मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी कामतघर. पळसाचं पानही तो बरोबर आणायचा. आधी आई आणि लग्नानंतर रंगूबाई भात शिजवून त्या पानावर वाढायची, अनंता पहिला घास घ्यायचा, आणि उरलेला भात चिंधू त्याच पानात बांधून लगोलग परत न्यायचा. तिकडं तो शिताशितानं पाड्यापाड्यांतल्या हंड्यांत पडायचा, मग माणसं जेवायची. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. त्या एका दिवशी अनंता ताठ बसायचा. एरवी रंगूबाई त्याला म्हणायची, कण्यात कापूस भरलाय का तुमच्या.

गेल्या वर्षी पान बांधता बांधता चिंधू सहज म्हणून गेला, की आता सतरातले सहाच पाडे थांबतात, आणि तरणे लोक विचारतात, तुमचा राजा हाय कुठं, दाखव तरी. चिंधू हसत म्हणाला होता. अनंता हसला नव्हता.

आणि आता चिंधूच आला नाही. अनंताला वाटलं, झालं, लोक विसरले. एका परीनं बरंच झालं. त्यांनी तरी किती दिवस एका धागे जोडणाऱ्यासाठी ताटकळायचं? असं तो मनाशी म्हणायचा, आणि मग चिमटीतला धागा निसटायचा.

रंगूबाई म्हणाली, म्हातारा आजारी असेल, जाऊन बघून या. अनंता म्हणाला, ज्यांनी बोलावलं नाही त्यांच्याकडं कसं जायचं. मग निदान कार्ड टाका, ती म्हणाली. त्यानं कार्ड आणलंही. पण लिहायचं काय? माझा घास का पाठवला नाही? हे तर भीक मागितल्यासारखं झालं असतं. कार्ड पंचांगात तसंच राहिलं.

रंगूबाईचा भाऊ बाळाराम पडघ्याला शेती करायचा. त्यानं नव्या तांदळाची गोणी आणून टाकली. तिनं पहिल्या दिवशी पेजेसकट भात केला, घरभर वास सुटला. अनंता म्हणाला, पोट ठीक नाही, भाकरी दे. दुसऱ्या दिवशीही त्यानं भाकरीच मागितली. आठव्या दिवशी रंगूबाईनं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि ती समोर बसली.

“पोट सोन्यासारखं हाय तुमचं,” ती म्हणाली. “तुम्ही चिंधूमामाची वाट बघताय. त्यांनी रीत सोडली असं तुम्हीच म्हनता, मंग तुम्ही कशाला पाळताय?”

अनंतानं ताट थोडं मागं सारलं. तिनं भाताचं ताट काढलं आणि भाकरी दिली.

डिसेंबरच्या मध्यावर, एका दुपारी, कारखान्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, पाय धुळीनं पांढरे. ती काहीतरी विचारत होती आणि खडखडाटात कुणालाच ऐकू येत नव्हतं. एका कामगारानं तिला हातानंच खूण करून अनंताकडं पाठवलं. अनंतानं तिला याआधी पाहिलं नव्हतं, पण तिचं कपाळ चिंधूचं होतं. तो तिला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आला.

ती चिंधूची मुलगी काशी. डोंगरात ‘तुम्ही’ म्हणायची पद्धत नाही. देवालाही तू आणि राजालाही तूच.

“तू राजा?” तिनं त्याच्याकडं नीट बघून विचारलं. “बा सांगायचा, मोठा हायेस.”

अनंताला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. त्यानं विचारलं, की चिंधू कसा आहे.

चिंधूचा पाय मोडला होता. दिवाळीच्या तोंडावर तो नवं घेऊन निघाला आणि पहिल्याच उतारावर घसरला. आता बाजेवर होता. नवं पोचवायचं ते त्याच्या घरच्या पुरुषानं, अशी रीत. चिंधूला मुलगा नाही, जावई वारलेला. दुसऱ्या कुणाला पाठवता येईना. चिंधू रोज म्हणायचा, उद्या पाय धरेल, उद्या निघतो. असे चाळीस दिवस गेले.

“मग तुम्ही जेवलात कधी?” अनंतानं विचारलं.

“न्हाय जेवलो.”

त्याला आधी कळलंच नाही. तिनं सावकाश सांगितलं. भात कापून, झोडून कणग्यांत भरून ठेवला होता. जुना तांदूळ दसऱ्यालाच संपला होता. नाचणी, वरी होती तेवढे दिवस ती खाल्ली. आता माणसं रानातले कडू कंद खणून आणत होती, रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवून, सकाळी उकडून खात होती. घरात कणग्या भरलेल्या, आणि म्हाताऱ्यांना उठताना भिंत धरावी लागत होती.

“तरणे लोक तर म्हणत होते, कशाला थांबायचं,” अनंता कसाबसा म्हणाला.

“म्हनतात. लई बोलतात. पर पयला घास कोन घेनार? आमच्या सहा पाड्यांत कोनाचा हातच जात न्हाय.” काशीनं बशीतला चहा संपवला आणि बशी पालथी ठेवली. “मला नवं आनता येत न्हाय. पर राजाला आनू नको असं कोनी सांगितलेलं न्हाय. म्हनून मी तुला न्यायला आले.”

अनंता तिला घरी घेऊन आला. रंगूबाईनं तिच्यापुढं भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली; भाताचं भांडं मात्र तिनं झाकून फळीवर सारलं. अनंता पेटीजवळ उभा होता. पेटीतून त्यानं तो कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता.

“मला शीव ओलांडता येत नाही, काशी,” तो म्हणाला. “हुकूम आहे.”

“कोनाचा?”

“एका साहेबाचा.”

“त्यो कुठं हाय?”

“ठाऊक नाही. असला तर म्हातारा झाला असेल.”

काशी भाकरी मोडता मोडता थांबली. तिला हे कोडंच वाटलं असावं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, की यात नेमकं काय लिहिलंय ते पुन्हा सांगा. अनंतानं सांगितलं. हद्दीत येऊ नये.

“हद्दीत ना?” रंगूबाई म्हणाली. “शिवेपर्यंत जायला तर कोनी अडवलं न्हाय. भात तिथं आनतील.” मग तिनं कागदाची घडी करून त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. “ऱ्हाऊ दे जवळ. तुम्हाला धीर येत असंल तर.”

अनंतानं तिच्याकडं पाहिलं. तो हुकमाला भीत नव्हता, हे तिला माहीत होतं. पंचवीस वर्षं ज्यांनी आपल्यासाठी घास अडवून धरला, त्यांना हा वाकलेला, चष्म्याचा माणूस दाखवायचा कसा, ही त्याची भीती होती. ती तेही जाणत होती.

केसरीनाथशेठकडं तो दोन दिवसांची सुट्टी मागायला गेला. शेठनं विचारलं, कशासाठी? गावी जेवायला जायचंय, अनंता म्हणाला; त्याला खोटं बोलता यायचं नाही.

“जेवायला दोन दिवस?” शेठ म्हणाला. “राज्याभिषेक हाय का तुझा?”

बाजूचे दोघं हसले. अनंताही थोडासा हसला. सुट्टी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं अनंता आणि काशी अकलोलीला उतरली. काशीनं कुंडावर पाय धुतले आणि त्यालाही धुवायला लावले. इथं पाय शेकल्याशिवाय बा पुढं जात नसे, ती म्हणाली. मग चढ लागला. काशी पुढं, तो मागं. तो दर अर्ध्या तासानं थांबायचा, आणि ती न सांगता पुढं जाऊन एखाद्या दगडावर बसायची, दुसरीकडं बघत, म्हणजे त्याला लाजल्यासारखं होऊ नये. दुपार कलली तेव्हा सावरीचं झाड दिसलं. पानं झडलेली, काटेरी खोडाचं, उंच. त्याच्या बुंध्याशी गुडघ्याएवढा शेंदूर फासलेला धोंडा. ही शीव. बैलगाडीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं हेच झाड मागं मागं जाताना पाहिलं होतं.

काशी सांगायला पुढं गेली. अनंता धोंड्याच्या अलीकडं बसून राहिला. खिशातला कागद घामानं ओला झाला होता. मनात त्यानं बोलायची जुळवाजुळव केली. माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. तुम्ही विसरलात असं मला वाटलं. प्रत्येक वाक्य त्याला आधीच्यापेक्षा खोटं वाटू लागलं.

मग माणसं आली. पन्नास-साठ असतील. बायका, म्हातारे, खांद्यावर कुऱ्हाड असलेले तरणे पुरुष. कुणी हसलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. येऊन ती धोंड्याच्या पलीकडं बसली. शेवटी चौघांनी चिंधूची बाज आणली. त्याच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. त्यानं अनंताला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाळलास,” चिंधू म्हणाला. “रंगू खायाला घालत न्हाय का?”

“नवं खाल्लं नव्हतं,” अनंता म्हणाला. “तू आला नाहीस म्हणून.”

त्यानं जुळवलेलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते एवढंच. पण पलीकडच्या माणसांत काहीतरी हललं. एका म्हातारीनं शेजारणीला ते वाक्य पुन्हा सांगितलं. तिनं तिच्या शेजारणीला. कुऱ्हाडवाल्या तरण्यांतल्या एकानं कुऱ्हाड खांद्यावरून काढून खाली ठेवली.

तीन दगडांवर हंडी चढली. तांदूळ काशीनंच धुतले, आणि चिंधू म्हणाला, ही पोरगी रीत मोडत न्हाय, पर रीतीच्या कडंकडंनं चालते. भात शिजू लागला तसा वास पसरला. बोलणं आपोआप बंद झालं. चिंधूनं पळसाचं पान धोंड्यावर मांडायला लावलं. राजा शिवेच्या अलीकडं, लोक पलीकडं, पान मधे.

अनंतानं घास उचलला आणि समोर पाहिलं. त्याचा हात थांबला. त्याच्याकडं कुणीच पाहत नव्हतं. साठ माणसं भाताकडं पाहत होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की हे सगळे डोळे आपल्याला तोलायला बसलेत. आणि इथं माणसांना फक्त भूक लागली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी छातीवरची धोंड कुणीतरी उचलावी तसं हलकंही.

त्यानं घास पानावर ठेवला. “ऐका,” तो म्हणाला. आवाज चिरकला. “पुढच्या वर्षीपासून...”

“आधी जेव,” चिंधू म्हणाला. “लोकं चाळीस दिस थांबलीत. मंग बोल.”

अनंता जेवला. एक घास, मग घाईघाईनं पान पुढं सरकवलं. शितं हातोहात फिरली, हंडीत पडली, आणि माणसं जेवली. बराच वेळ फक्त जेवणाचा आवाज होता. एक म्हातारी जेवता जेवता रडत होती आणि रडता रडता जेवत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मग अनंतानं पुन्हा सांगितलं. पुढच्या वर्षीपासून राजासाठी कुणी थांबायचं नाही. पहिला घास काशीनं घ्यायचा, आणि तिच्यानंतर ज्याला ती नेमेल त्यानं. हा माझा हुकूम. ‘हुकूम’ म्हणताना त्याचे कान लाल झाले. आयुष्यात त्यानं कुणाला पाणी आणायलासुद्धा हुकमानं सांगितलं नव्हतं.

 सगळे चिंधूकडं पाहू लागले. चिंधूनं दातात अडकलेलं शीत काढलं.

“हुकूम बरा हाय,” तो म्हणाला. “पर लागू न्हाय. राजाचा हुकूम शिवेच्या आत उभं ऱ्हाऊन दिलेलाच लागू होतो. तू भाएर बसलायस.”

अनंता धोंड्याकडं पाहत राहिला. धोंड्यावर पान, पानावर दोन-चार शितं. त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथून परत आला. पुढच्या दिवाळीला ही माणसं पुन्हा अशीच थांबतील. चिंधूचा पाय धरेल की नाही, कुणी सांगावं. तो उठला. गुडघे अवघडले होते, म्हणून त्यानं आधारासाठी धोंड्यावरच हात ठेवला, आणि पलीकडं पाय टाकला. काही झालं नाही. इकडच्यासारखीच तिकडं माती होती, थोडी गार, सावलीतली.

त्यानं हुकूम पुन्हा सांगितला. या वेळी आवाज चिरकला नाही, पण बारीकच होता. मागं बसलेल्यांना काशीनं मोठ्यानं सांगावा लागला. स्वतःचं नाव आलं तिथं ती क्षणभर अडखळली.

“बरं,” चिंधू म्हणाला. “पयला घास काशीचा. आन तुझा?”

अनंतानं विचार केला. “दुसरा ठेवाल का?” त्यानं विचारलं. “म्हणजे, उरला तर.”

“ठेवू. पर आनून देनार न्हाय,” चिंधू म्हणाला. “माझा पाय गेला. हितं येऊन खावा लागंल. आन रंगूला आन संगं, तिच्या हातचा भात इतकी वर्सं मी पानात बांधून नेला, कधी बसून जेवलो न्हाय.”

काशीनं हंडीच्या तळाचा भात खरवडून एका ताज्या पानात बांधला आणि अनंताच्या हातात दिला. रंगूबाईसाठी, ती म्हणाली. तीबी थांबली असंल. अनंतानं पान दोन्ही हातांनी धरलं. अजून गरम होतं. तेवढ्यात कुऱ्हाडवाला तरणा पुढं आला आणि म्हणाला, की राजा, आता अंधार पडेल, आज राहा, राजवाड्याचं जोतं अजून हाय, आम्ही त्याच्यावर भात झोडतो. ये, दाखवतो.

अनंता त्याच्या मागून चालू लागला.